विसरणारा कोण?

कावेरीबाई गावात आल्या की आधी पाणी मागत नसत. एस.टी.तून उतरायचं, गुडघे चोळायचे, धुळीनं भरलेली ट्रंक कुणाच्या तरी हातात द्यायची आणि न्यायला आलेल्या मंडळींवरून एकदा नजर फिरवून विचारायचं, "विसरणारा कोण?"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. ही सत्तर सालची गोष्ट. कोल्हारपासून तीन मैलांवर, प्रवरेच्या काठाला आमचं गाव. चैत्रात जत्रा भरे आणि जत्रेत गावकरी नाटक करत. पुरुषांची कामं गावातलेच लोक करायचे, बायकांच्या कामासाठी मात्र बाहेरून नटी आणायची, अशी तेव्हा सगळ्या तालुक्यात रीत होती. या नट्यांना पाच-पंचवीस नाटकं तोंडपाठ असत. आज आमच्याकडे आई, परवा देवळाली प्रवऱ्यात सासू. आदल्या दिवशी यायचं, जन्मात न पाहिलेल्या शेतकऱ्यांबरोबर एकच तालीम करायची, दुसऱ्या दिवशी नाटक आणि तिसऱ्या दिवशी सकाळची गाडी. अशा मंडळींत एक तरी भाषणं विसरणारा असतोच, आणि बहुधा सगळ्यात मोठं काम त्याच्याकडेच असतं, हे बाईंना अनुभवानं ठाऊक होतं.

आमच्यातले विसरणारे म्हणजे आबासाहेब. मंडळाचे अध्यक्ष, उसाचे मोठे बागाईतदार आणि म्हणूनच दरसालचे नायक. पंचेचाळिशी उलटली तरी नायकच. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? बाईंनी सगळ्यांचे डोळे कुठं वळतात ते पाहिलं आणि आबासाहेबांना म्हणाल्या, "तुम्ही होय? घाबरू नका. मी आहे."

"काय म्हनता बाई!" म्हणून आबासाहेब खुशीत हसले. त्यांना ते कौतुकच वाटलं.

बाई तेव्हा साठीच्या आसपास होत्या. अंगानं सुकलेल्या, उंच, सावळ्या. चेहऱ्यावर बघण्यासारखं एकच उरलं होतं, ते म्हणजे डोळे. आणि ते समोरच्या माणसात खोट कुठं आहे एवढंच शोधत असत. वयाच्या आठव्या वर्षी त्या एका संगीत नाटक कंपनीत शिरल्या. पुढं बोलपटात नायिका झाल्या, मग नायकाची वहिनी, मग आई, मग म्हातारी मोलकरीण. "रविवारी त्या नटाची बायको होते, सोमवारी त्याची आई झाले," असं त्या सांगत, "मध्ये बाळंतपणाला सुद्धा सवड दिली नाही मेल्यांनी." सिनेमानं हाकललं तेव्हा नगरला तोफखाना भागात एक खोली घेऊन राहिल्या आणि गावोगावच्या जत्रांतली नाटकं धरली.

मी गावच्या शाळेत शिक्षक होतो. सव्वीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला, आणि आपल्यात एक थोर नट दडून बसलाय अशी ठाम समजूत असलेला. नाटक नेहमीचंच, विधवा आई, दोन भाऊ आणि शेताची वाटणी. थोरला भाऊ आबासाहेब, धाकटा मी. माझंच काय, मला सगळ्यांचंच पाठ होतं, अगदी पाटील आणि तलाठ्यासकट.

तालीम शाळेच्या ओट्यावर होती. बाई खाटेवर आडव्या पडल्या होत्या, डोळ्यांवर पदर. मी धाकट्या भावाचं मोठं भाषण एका दमात, काना-मात्रा न चुकता म्हटलं आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो.

"झालं?" पदराआडून आवाज आला.

"हो."

"पाढे छान म्हणतोस. कितीपर्यंत येतात?"

ओट्यावर हशा पिकला. खिडकीतून बघणाऱ्या बायकांतही पिकला, आणि त्यांत माझी बायको होती. बाई उठून बसल्या. माझा चेहरा त्यांनी बैलबाजारातल्या गिऱ्हाइकासारखा न्याहाळला. "वाईट वाटून घेऊ नको. काहींना चेहरा असतो, काहींना नुसतं तोंड. तुला सगळ्यांचं पाठ आहे ना? मग तू पुस्तक. जा, विंगेत उभा राहा."

मग त्यांनी पडद्याची दोरी धरून कोपऱ्यात उभ्या असलेल्या नामदेवकडे बोट केलं. नामदेव बौद्ध वस्तीतला, कारखान्यात हंगामी कामाला जाणारा बावीस वर्षांचा तरुण. नाटकात त्याचं काम पडदा ओढण्याचं.

"तो कोण? मघापासून ओठ हलवतोय. ये रे इकडं."

आबासाहेब पुढं झाले. "बाई, त्यो पडद्याचा हाय."

"पडदा कुणीही ओढेल."

"तसं न्हाई. नाटकात तुमी त्याला हातानं घास भरवता. लोकं काय म्हनतील?"

"माझ्या हातचा घास कुणी खायचा हे मी ठरवीन. आणि माझी जात विचारलीत का कुणी, मला आई करताना? विचारा. उत्तर तुम्हाला आवडायचं नाही."

आबासाहेब मागं सरले. नामदेवनं दोरी सोडली, पायजम्याला हात पुसले आणि तेच भाषण म्हटलं. दोन ठिकाणी चुकला. पण तो बोलत होता तेवढा वेळ ओट्यावर कुणी खोकलं नाही. बाईंनी फक्त पुन्हा आडवं होऊन डोळ्यांवर पदर ओढला. त्यांची पसंती एवढीच असे.

माझं काम गेलं याचं दुःख होतंच, पण ते कुणाला गेलं याचं जास्त होतं. हे आज लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती. गावातल्या चार जणांनी "गुरुजी, लई वाईट झालं" म्हणून माझं सांत्वन केलं ते मी गोड मानून घेतलं. त्या दिवसापासून बाई मला नावानं कधीच हाक मारीनात. "पुस्तक कुठाय?" "पुस्तकाला चहा द्या." शाळेतली पोरंसुद्धा मागून "पुस्तक, पुस्तक" करायला लागली.

विंगेत मला उभं करून त्यांनी प्रॉम्प्टिंग शिकवलं मात्र मनापासून. मी कंदिलाशी पुस्तक धरून ओळीवर बोट ठेवून उभा राहिलो, तर त्यांनी पुस्तकच मिटून टाकलं.

"पुस्तकात काय बघतोस? तुला पाठ आहे. नटाच्या गळ्याकडं बघ. माणूस अडायच्या आधी गळा अडतो. तो एकदा आवंढा गिळतो, नको तिथं. तेव्हा शब्द द्यायचा. अडल्यावर दिलास तर ती भीक. आधी दिलास तर तो त्याचाच."

"आणि किती द्यायचा?"

"पहिला शब्द. एकच. पुढचं ज्याचं त्यानं बघावं."

त्या जत्रेत मी गळ्यांकडे बघितलं आणि बाई म्हणाल्या ते खरं निघालं. आबासाहेब बोलता बोलता आवंढा गिळत, मी विंगेतून शब्द टाके, आणि तो त्यांच्यापर्यंत पोचला नाही तर बाई स्टेजवरून सांभाळत. वाटणी मागायच्या प्रवेशात आबासाहेब साफ कोरे झाले. बाईंनी चूल फुंकता फुंकता मान वर केली आणि म्हणाल्या, "काय रे, नदीकडचं रान तुझ्या नावावर करा, हेच म्हणायला आलास ना? मग आईच्या तोंडाकडं बघून जीभ का अडकली?" आबासाहेबांनी नुसती मान खाली घातली आणि प्रेक्षकांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. दुसऱ्या दिवशी गावभर एकच बोलणं, आबासाहेबांनी काय काम केलं! न बोलता रडवलं! आबासाहेबही तेच समजून चालले.

दुसऱ्या वर्षी बाई आल्या, पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि पुन्हा आबासाहेबांना पाठीवर घेऊन नाटक पार केलं. त्यांचा मुक्काम शाळेतल्या एका खोलीत असे. दुपारी गावातल्या बायका त्यांना बघायला यायच्या, पण आत यायच्या नाहीत. खिडकीशी गर्दी करून एकमेकींना ढोसत कुजबुजायच्या, हीच का ती सिनेमातली, खरे दात हायती का, केस खरे हायती का. बाई रंगपेटी आवरत होत्या. त्यांनी शांतपणे तोंडातून वरची कवळी काढली, खिडकीच्या चौकटीवर ठेवली आणि बोळक्या तोंडानं म्हणाल्या, "घ्या. हातात घेऊन बघा. बघून झालं की धुऊन ठेवा." बायका पदर तोंडाला लावून पळाल्या. माझी बायको तेवढी राहिली. तिनं कवळी खरंच धुऊन आणून दिली. बाईंनी तिला विचारलं, "तू कुणाची?" तिनं माझ्याकडे बघितलं. "अगं बाई, पुस्तकाची!" बाई म्हणाल्या. "रात्री तरी काही बोलतं का ते, की तिथंही दुसऱ्याला शब्दच देतं?"

बायको हसली. खूप दिवसांनी इतकी हसली. मी त्या दिवशी जेवलो नाही.

असं सगळं असूनही मी बाईंच्या खोलीत जाऊन बसायचो. का, ते मला धड सांगता येणार नाही. त्यांचं बोलणं ऐकावंसं वाटे. एकदा रंग लावताना त्यांनी डावी बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत गोल गोल, मोहरीएवढे पांढरे डाग होते, ओळीनं.

"देवी आल्या होत्या?" मी विचारलं.

"मास्तर आले होते. कंपनीत आम्हा पोरींची नक्कल पाठ करून घ्यायचे. नक्कल म्हणजे आपापली भाषणं. हातात उदबत्ती पेटलेली. एक शब्द विसरला की एक चटका." त्यांनी कोपराजवळचा डाग दाखवला. "इथपर्यंत पहिला अंक. दुसऱ्या अंकापासून मी विसरायची बंद झाले."

"फार क्रूर माणूस."

"क्रूर कशाला? त्या कंपनीतल्या सगळ्यांत माझी एकटीचीच पोळी अजून भाजतेय. बाकीच्यांचे लाड झाले होते." मग आरशात बघत म्हणाल्या, "सिनेमात मी अकरा वेळा मेले. सिनेमातलं मरण सोपं, दिवे बंद झाले की उठायचं. नाटकात पडदा पडेपर्यंत श्वास धरून पडावं लागतं. मरायचं तर तसं."

बहात्तर साली दुष्काळ पडला. जत्रेत देवाला नारळ फुटला, पण नाटक झालं नाही. आमच्याकडेच नव्हे, कुठंच झालं नाही. त्र्याहत्तरचं सालही तसंच कोरडं गेलं. चौऱ्याहत्तरच्या चैत्रात पुन्हा मांडव पडला, तेच नाटक ठरलं आणि आम्ही बाईंना आणायला कोल्हारला गेलो. त्या गाडीतून उतरल्या. ट्रंक माझ्या हातात दिली. सगळ्यांकडे बघितलं, आणि पाणी मागितलं.

मला चुकल्यासारखं झालं. पण म्हटलं, वय झालं.

खोलीवर पोचल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं आणि मला बसायला सांगितलं. मग म्हणाल्या, "गुरुजी."

चार वर्षांत पहिल्यांदा.

"गुरुजी, विसरणारी मी आहे. दोन वर्षं खोलीत बसून राहिले. भिंतीशी नाटकं करून बघितली. भाषणं येतात, पण मध्येच एखादं घर रिकामं लागतं. आत कुणी नाही." त्या डावा हात चोळत होत्या. "गेल्या महिन्यात एका गावात अडले. लहान गाव, कुणाच्या ध्यानात आलं नाही. इथं येईल. उद्या तुमच्याकडं अडले तर शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात म्हशींबरोबर माझाही भाव होईल. साऱ्या जिल्ह्याची माणसं तिथं येतात. मग मला कोण बोलावणार? मला दुसरं काही करता येत नाही, गुरुजी. भाकरीसुद्धा नीट थापता येत नाही, स्टेजवर थापते तेवढीच. माझ्यावर लक्ष ठेवा."

"ठेवतो," मी म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. त्या मला गुरुजी म्हणाल्या होत्या, अहो-जाहो केलं होतं. मला मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी तालीम लागली. सगळं मंडळ हजर, खिडकीत बायका, त्यांत माझी बायको. घास भरवायच्या प्रवेशाच्या थोडं आधी मी बाईंचा गळा हलताना बघितला. नको तिथं आवंढा. मी लगेच शब्द दिला, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे, आधी. पण ओटा लहान होता, शब्द सगळ्यांना ऐकू गेला. आबासाहेबांनी वळून बघितलं. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग क्षणभर उडाला आणि दुसऱ्या क्षणी त्या माझ्यावर उसळल्या.

"मला शब्द देतोस? मला? अरे, तुझ्या बापाला बोलता येत नव्हतं तेव्हापासून मी स्टेजवर आहे. बघा हो, पुस्तकाला तोंड फुटलं! चेहरा द्यायचा राहिला तो राहिलाच, आता जीभ वळवळायला लागली!"

मंडळ हसलं. आबासाहेब मांडीवर थाप मारून हसले. नामदेव तेवढा हसला नाही, पण तो माझ्याकडे कणव आल्यासारखा बघत होता आणि मला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. खिडकीतली बायको कुठं बघत होती ते मी बघितलं नाही.

बाई असं का बोलल्या ते मला त्याच वेळी कळलं होतं. अब्रू झाकायला हाताशी आला तो कपडा त्यांनी ओढला, आणि तो कपडा म्हणजे मी होतो. हे कळूनही मी त्यांना क्षमा केली नाही. न कळता माणूस दुष्टपणा करतो असं म्हणतात. मी सगळं कळून केला.

दुसऱ्या दिवशी नाटक. मांडव खचाखच भरलेला, आजूबाजूच्या दहा गावांची माणसं. बाई पहिले दोन अंक पूर्वीसारख्याच खेळल्या. आबासाहेबांना दोनदा सावरलंसुद्धा. मग तिसऱ्या अंकातला तो प्रवेश आला. थोरल्यानं घराबाहेर काढलेला धाकटा मुलगा दाराशी येतो, आई त्याला चुलीपुढं बसवते, भाकरीचा तुकडा मोडते आणि म्हणते, "हा घास तुझ्या बापाच्या वाटचा. रोज काढून ठेवते." सबंध नाटक त्या वाक्यावर उभं होतं.

बाईंनी तुकडा मोडला. हात पुढं केला. त्यांच्या गळ्यात काही हललं.

मला दिसलं. अगदी वेळेवर, अडायच्या आधी दिसलं. "हा घास" एवढे दोनच शब्द द्यायचे होते. ते माझ्या जिभेवर होते. मी मनात म्हणालो, मागू दे. एकदा माझ्याकडं बघून मागू दे.

बाईंचा हात तसाच हवेत राहिला. आणि मग जे त्यांनी आयुष्यात कधी केलं नसेल ते केलं. मान वळवून विंगेकडे बघितलं. विंगेकडं बघणारा नट म्हणजे उघडा पडलेला माणूस, असं त्याच आम्हाला सांगत. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मागितलं. मला हवं होतं ते मिळालं होतं, आता तरी बोलायला काय हरकत होती? पण मी ओठ मिटून उभा राहिलो. ते बघताना मला बरं वाटत होतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मांडवात चुळबूळ सुरू झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हातारी इसरली रं!" आणि हशाची एक लाट पुढपर्यंत आली.

तेवढ्यात नामदेवनं तो हवेतला हात धरला. घास बघितला, आईकडे बघितलं आणि म्हणाला, "आई, ह्यो घास बाबाच्या वाटचा न्हवं? रोज काढून ठेवतीस ना तू?" बाईंनी चार वर्षांपूर्वी आबासाहेबांना जसं सावरलं होतं, तसंच. बाईंच्या डोळ्यांत ओळख परत आली. "हो रे," त्या म्हणाल्या आणि भाषण धरलं, आणि पुढं असं काम केलं की हसणारे रडले. पण हसायचं ते हसून झालं होतं.

अंक संपल्यावर त्या विंगेत आल्या. मी पुस्तक छातीशी धरून उभा होतो. त्यांनी पदरानं मानेवरचा घाम टिपला.

"दिसलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हणालो.

"आधी दिसलं होतं?"

"आधीच."

त्यांनी मान हलवली. "मग माझं शिकवणं वाया गेलं नाही," एवढं म्हणून त्या साडी बदलायला गेल्या.

सकाळी त्यांची ट्रंक घेऊन नामदेव कोल्हारला गेला. मी गेलो नाही. शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात आबासाहेबांनी स्वतःच गोष्ट रंगवून सांगितली. "मी सांभाळलं म्हनून नाटक झालं," ते म्हणाले, "आवंदा दात बघूनच घ्यायला पायजे हुती." लोक हसले आणि ते वाक्य ज्याच्या त्याच्या गावी गेलं. तीन नाटकांत ज्यांना बाईंनी पाठीवर वाहिलं त्यांनीच त्यांना बाजार दाखवला. पण आबासाहेबांना नावं ठेवण्याचा हक्क मला नाही. बाजारात न्यायला त्यांना गोष्ट मी दिली होती.

पुढच्या चैत्राआधी मला एक पोस्टकार्ड आलं. मोठं, थरथरतं अक्षर. "गुरुजी, यंदा नाटक आहे का? पाठ पक्कं आहे. लहान काम असलं तरी चालेल. तुमच्या मंडळींस आशीर्वाद." मी ते आबासाहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या गुरुजी, दुसरी बोलावलीय." मी उत्तर लिहायला घेतलं, दोनदा घेतलं. कार्ड बरेच दिवस हजेरीपटात होतं.

त्या पावसाळ्यात नगरहून बातमी आली की बाई गेल्या. दोन दिवस खोली आतून बंद होती. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यांतल्या तीन सिनेमाबद्दल.

आमच्या मंडळानं शाळेच्या ओट्यावर शोकसभा घेतली. आबासाहेब अध्यक्ष. त्यांनी कागदावर लिहून आणलेलं वाचलं आणि आपण बाईंबरोबर केलेल्या कामांचा उल्लेख केला. मग म्हणाले, "आता गुरुजी बोलतील. बाईंचा त्यांच्यावर लई जीव हुता."

मी उभा राहिलो. रात्री जागून चांगलं भाषण तयार केलं होतं, काना-मात्रेसकट पाठ. समोर सतरंजीवर पहिल्याच रांगेत नामदेव बसला होता. मी म्हणालो, "बाईंनी मला..." आणि पुढचं काहीच आठवेना. आवंढा गिळला.

नामदेवची नजर माझ्या गळ्यावर होती. त्या प्रवेशात त्यानं मला विंगेत ओठ मिटून उभा बघितलं होतं. चुलीपुढून विंग सरळ दिसे. त्यानं गप्प बसायला हवं होतं. तेवढं माझं येणं होतं आणि मी ते घेतलं असतं. पण तो एक क्षणही थांबला नाही. फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात त्यानं शब्द दिला.

"शिकवलं."

"बाईंनी मला शिकवलं," मी म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गुरुजींचा कंठ दाटला.